धावताना मीठ किती, लोह किती आणि या पुड्या-गोळ्यांचं काय करायचं?

घाटवाट · १२ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, सातारच्या हिल हाफची (घाटातल्या हाफ मॅरेथॉनची) तयारी सुरू झाली की आमच्या ग्रुपवर दोनच विषय असतात, बूट आणि इलेक्ट्रोलाइट (म्हणजे मीठ, पोटॅशियम वगैरे क्षार). बुटांचं सोडून देऊ. पण फेसाळणारी गोळी, मिठाची कॅप्सूल, मॅग्नेशियमचा स्प्रे (हो स्प्रे, पोटऱ्यांवर मारायचा), गुलाबी मीठ असं काय काय लोकांनी मागवलंय आणि विचारावं की बाबा यातून तुला नक्की मिळतं काय, तर उत्तर एकच, "कोच म्हणाला". म्हणून म्हटलं धागाच काढू. इथे पळणारे आहेत, डॉक्टर आहेत, आणि काहीही न करता सल्ले देणारे तर भरपूर आहेत.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे भांडायला सोपं. पळतानाच्या मिठाची आपण गरजेपेक्षा जास्त काळजी करतो, मॅग्नेशियमवर उगाच पैसे घालतो, आणि लोहाकडे ढुंकून बघत नाही.

आता हिशोब. घामातून मुख्य जातं ते सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं साधं मीठच. पोटॅशियम त्या मानाने बरंच कमी, कॅल्शियम-मॅग्नेशियम तर किरकोळ. लिटरभर घामात सोडियम सरासरी ९०० मिग्रॅ धरतात पण माणसामाणसात प्रचंड फरक, कुणाचं २०० तर कुणाचं २००० च्या घरात. टीशर्ट वाळल्यावर ज्यांच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटतात ती मंडळी वरच्या टोकाची. घाम किती येतो हे मात्र घरी मोजता येतं. कपडे काढून वजन करा, तासभर पळा, अंग पुसून परत वजन करा. समजा ६८ चे ६७.१ झाले आणि मध्ये ४०० मिली पाणी प्यायलात, म्हणजे ताशी १.३ लिटर घाम. आता पावसात यवतेश्वर घाटात येणारा आकडा आणि जानेवारीत मुंबईच्या दमट हवेत येणारा आकडा एक नसणार, त्यामुळे दोन्हीकडे मोजा.

तर ताशी ११००-१२०० मिग्रॅ सोडियम गेलं. गोळ्या विकणारे बरोबर इथे पकडतात. पण शरीरात सोडियमचा साठा ९०-१०० ग्रॅमच्या आसपास असतो, आणि घाम रक्तापेक्षा खूप कमी खारट असतो. म्हणजे घाम गेला की रक्तातलं मिठाचं प्रमाण उलट वाढतं, आमटी आटली की खारट होते तसं. ते कमी कधी होतं, तर वरून भसाभसा साधं पाणी ओतलं की.

तासाभराच्या पळण्याला मी नुसतं पाणी पितो, तहान लागेल तसं. दीड-दोन तासांच्या वर गेलं आणि उकाडा असला तर ताशी ३०० ते ६०० मिग्रॅ सोडियम पोटात जाईल एवढं बघतो. १ ग्रॅम मीठ म्हणजे ३९० मिग्रॅ सोडियम, बाकी गणित तुम्हीच करा. बोला आता.

उन्हाळी_ताक · १२ जुलै, रात्री १०:१५

मस्त विषय. पण एवढं सगळं कशाला, शहाळं आहे की! नैसर्गिक इलेक्ट्रोलाइट. आमच्या ठाण्यात तलावपाळीला पळून झालं की सगळे शहाळंच पितात.

घाटवाट · १२ जुलै, रात्री १०:३२

@उन्हाळी_ताक शहाळं प्या की, छानच आहे, पण त्यात पोटॅशियम दाबून असतं (१०० मिलीला २०० मिग्रॅच्या आसपास) आणि सोडियम त्यापेक्षा खूपच कमी. घामातून जातं नेमकं उलट. त्यामुळे मीठ भरून काढायला शहाळं हे चुकीचं हत्यार, पाणी आणि थोडी साखर म्हणून उत्तम. त्यात चिमूटभर मीठ टाका की झालं, शहाळंवाला जरा विचित्र बघतो एवढंच.

खवचट_काका · १३ जुलै, सकाळी ६:०५

आमचे आजोबा भाकरी, कांदा आणि ठेचा खाऊन पंढरपूरपर्यंत चालत जायचे. कुठली गोळी नि कुठला स्प्रे. तुम्ही लोकं पळता कमी आणि मोजता जास्त.

निवांत_धावक · १३ जुलै, सकाळी ७:२०

काका ठेच्यात मीठ किती असतं ते एकदा बघा. आजोबांचं सोडियम लोडिंग कम्प्लीट होतं 😄

आणि वारीत दर कोसावर चहा-पोहे-ताक देणारे असतात, कुठल्याही मॅरेथॉनच्या एड स्टेशनला लाजवतील असे.

रक्ततपासनीस · १३ जुलै, दुपारी २:४८

मी पॅथॉलॉजीत आहे आणि एका हाफ मॅरेथॉनच्या मेडिकल टेंटमध्ये दरवर्षी ड्यूटी करते, त्यामुळे पाण्याबद्दल थोडं लांब लिहिते, चालवून घ्या.

घाटवाट यांनी आमटीचं उदाहरण दिलंय ते अगदी बरोबर आहे. रक्तातलं सोडियम १३५ (लिटरला मिलिमोल) च्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनला ४८८ धावकांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, २००५ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं आणि तिघांचं तर १२० किंवा त्याखाली, म्हणजे जिवावरचं. त्याच वर्षी तिथे एका तरुण धावक महिलेचा यानेच मृत्यू झाला होता. आता गंमत बघा, हे कुणाला झालं? मुख्यतः ज्यांचं वजन शर्यतीत *वाढलं* त्यांना. ४२ किलोमीटर पळून वजन वाढतं याचा अर्थ माणूस घामापेक्षा जास्त प्यायलाय. चार तासांहून जास्त वेळ लागलेले, प्रत्येक टेबलाशी थांबून पिणारे, हे त्यात जास्त. सगळ्यात पुढचे पळणारे त्यात फारसे नसतात कारण त्यांना प्यायला वेळच नसतो!

पाण्याच्या जागी स्पोर्ट्स ड्रिंक पीत होते त्यांनाही यातून सूट मिळाली नाही. बाटलीतल्या पेयात सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असतं, ते जास्त प्यायलात तरी रक्त पातळच होतं. त्यामुळे "मी इलेक्ट्रोलाइट पितोय म्हणजे कितीही पिऊ शकतो" हे डोक्यातून काढा.

टेंटमध्ये आम्हाला त्रास होतो तो यासाठी की उन्हाने कोरडा पडलेला आणि पाण्याने फुगलेला, दोघंही सारखेच दिसतात. मळमळ, डोकं दुखणं, गरगरणं. आणि सोबतचे प्रेमळ मित्र लगेच तोंडाला बाटली लावतात. बोटांत अंगठी घट्ट झाली असेल, बिबचा (शर्यतीच्या नंबराचा) बेल्ट आवळत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल तर कृपया पाणी पाजू नका, डॉक्टरकडे आणा.

अजून एक, हे मोठ्या अक्षरात वाचा: पळायच्या आधी किंवा मध्ये गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन किंवा त्याची कॉम्बिनेशनवाली गोळी घेऊ नका. पाणी कमी पडलेलं असताना ती किडनीला जड जाते, वर सोडियमचा घोळही वाढवते, आणि आतड्यातून रक्त जातं ते वेगळंच (लोहाचा विषय आला की परत येते).

जोबर्गकर · १३ जुलै, रात्री ११:५२

रक्ततपासनीस यांना +१००. मी सध्या जोहान्सबर्गला आहे आणि या विषयाची जन्मभूमी इथलीच म्हणायला हरकत नाही. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग जी कॉम्रेड्स असते (एक वर्ष चढ एक वर्ष उतार, ९० किमीच्या आसपास), तिच्या १९८१ च्या शर्यतीतल्या एका बाईंची केस टिम नोक्स या इथल्या शास्त्रज्ञाकडे आली होती आणि १९८५ मध्ये त्याने अशा चार केसेस मिळून पेपर लिहिला. तोवर "तहान लागायच्या आधीच प्या" हाच मंत्र होता जगभर. नोक्स पुढे आहाराबद्दल काय काय बोलला त्यावर इथे आजही वाद चालू असतात, पण हे मात्र त्याचं बरोबर निघालं.

कॉम्रेड्सला पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांमध्ये देतात, दाताने कोपरा फाडायचा, दोन घोट प्यायचे, उरलेलं डोक्यावर. आणि खायला उकडलेले बटाटे मीठ लावून! आपल्या उपवासाच्या बटाट्याची आठवण येते. ५०-६० किलोमीटरनंतर गोड जेल नको वाटतं तेव्हा तो खारट बटाटा काय लागतो म्हणून सांगू. पोटॅशियम, मीठ, पिष्ट सगळं एका घासात. भारतातून बरेच लोक येतात दरवर्षी, पुणे-मुंबईचे ग्रुपच्या ग्रुप असतात, स्टार्टला मराठी ऐकू येतं.

फक्त घाटवाट, मिठाच्या कॅप्सूलला सरसकट नावं ठेवू नका. हाफला नको हे मान्य. पण आठ-दहा तास उन्हात पळणारा, पांढरे नकाशेवाला माणूस असेल तर त्याला नुसत्या पेयातून पुरेसं मीठ जात नाही, त्याला बटाटा किंवा कॅप्सूल काहीतरी लागतं.

घाटवाट · १४ जुलै, सकाळी ५:५०

@जोबर्गकर अल्ट्राला (मॅरेथॉनहून लांब शर्यतीला) मान्य, तिथे माझा विरोध नाही. आमच्याकडे लोक १० किलोमीटरला घेतायत हो, तीही पळायच्या आधी दोन!

पोटरीत_गोळा · १४ जुलै, सकाळी ९:३०

माझा आयडी बघूनच प्रॉब्लेम कळेल. ३० किमीनंतर नेमाने गोळे येतात, मुंबईला पेडर रोडचा चढ आला की आलेच. सगळे म्हणतात मीठ कमी पडतंय, मॅग्नेशियम घे. घेतलं. काही फरक नाही. कुणाला काही अनुभव?

निवांत_धावक · १४ जुलै, सकाळी १०:१२

लोणच्याचा खार पी. मस्करी नाही करत.

जोबर्गकर · १४ जुलै, दुपारी १:४०

मस्करी नाहीच. २०१० चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत वीज देऊन मुद्दाम गोळा आणवला आणि काहींना काकडीच्या लोणच्याचं पाणी दिलं, काहींना साधं पाणी. खारवाल्यांचा गोळा दीडेक मिनिटात उतरला, पाणीवाल्यांपेक्षा बराच आधी. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोचूच शकत नाही. म्हणजे तो आंबट-खारट झटका तोंडात-घशात बसतो आणि तिथून मज्जातंतूंमार्फत स्नायूला "सोड आता" असा निरोप जातो असा अंदाज आहे. तिकडचं लोणचं म्हणजे व्हिनेगर आणि मीठ हं. आपल्या लिंबाच्या लोणच्याचा मोहरी-तिखटवाला खार ३२ व्या किलोमीटरला पिऊन पुढे काय होईल याची जबाबदारी मी घेत नाही.

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अल्ट्रामध्ये गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावकांचं रक्त तपासलं तेव्हा क्षारांमध्ये सांगण्यासारखा फरक सापडला नव्हता. जास्त पटणारं कारण म्हणजे थकलेला स्नायू. सरावात जो वेग कधी धरला नाही तो शर्यतीत धरला की तोच स्नायू बंड करतो.

रक्ततपासनीस · १४ जुलै, दुपारी ३:०५

मॅग्नेशियमचं एका वाक्यात: गोळ्यांसाठी (म्हणजे पायातल्या) मॅग्नेशियमच्या गोळ्या उपयोगी पडतात का हे कॉक्रेनने (सगळे अभ्यास एकत्र करून पडताळणारी संस्था) २०२० मध्ये तपासलं, वयस्कर लोकांना तरी फायदा होण्याची शक्यता कमीच असं निघालं, आणि धावणाऱ्यांवर तर धड अभ्यासच फारसे नाहीत. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पुरुषांना दिवसाला ४४० आणि बायकांना ३७० मिग्रॅ सांगितलंय. ज्वारी-बाजरी, डाळी, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी रोज खाणाऱ्याला तिथवर पोचायला अवघड नाही. स्वस्तातल्या गोळीत बहुधा मॅग्नेशियम ऑक्साइड असतं, ते शोषलं जातं कमी आणि पोट साफ करतं जास्त. लाँग रनच्या आदल्या रात्री घेऊन बघू नका!

@पोटरीत_गोळा पहिले २० किलोमीटर दर किलोमीटरला दहा सेकंद हळू पळून बघा, आणि पोटरीचे व्यायाम सुरू करा.

पोटरीत_गोळा · १४ जुलै, दुपारी ३:२०

हळू पळायला सांगणारा डॉक्टर कुणालाच आवडत नाही. पण ठीक आहे.

सकाळची_पळापळ · १५ जुलै, रात्री ८:५५

बराच विचार करून लिहितेय. घाटवाट यांनी लोहाचा उल्लेख केला आणि मग सगळे मिठात अडकले.

मी ४१ वर्षांची, नोकरी, घर, दोन मुलं, आणि पहाटेचं पळणं हे माझं एकट्याचं. मागच्या वर्षी हळूहळू असं व्हायला लागलं की साध्या इझी रनला धाप, जिना चढताना पाय जड, केस गळतायत, आणि ज्या वेगाने गप्पा मारत पळायचे त्या वेगाने आता गप्पा बंद. ग्रुपमधले म्हणाले ओव्हरट्रेनिंग. सासूबाई म्हणाल्या पळणं बंद कर. हिमोग्लोबिन केलं तर ११.८. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, "बायकांना एवढं चालतंच." (चालत नाही! १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना तो असतो म्हणून नॉर्मल वाटायला लागलंय.) मीच हट्टाने फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायला लावलं. आलं ९.

म्हणजे गोदामच रिकामं. मग रीतसर उपचार झाले, चारेक महिन्यांनी मी परत पूर्वीसारखी पळायला लागले. मी कुठलाही नवा बूट किंवा पावडर घेऊन जेवढा फरक पडला नसता तेवढा एका स्वस्त गोळीने पडला, हे सांगायला लिहिलं.

प्रश्न डॉक्टरांना: पळण्यामुळे लोह एवढं कमी होतं का?

रक्ततपासनीस · १५ जुलै, रात्री १०:४०

@सकाळची_पळापळ ताई, फार बरं केलंत लिहिलंत.

पळणाऱ्यांचं लोह तीन-चार वाटांनी गळतं. पाऊल आपटून तळव्यातल्या केशवाहिन्यांत काही तांबड्या पेशी फुटतात, लांब पळताना आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तिथून थोडं रक्त जातं (वर सांगितलेल्या पेनकिलरने जास्त), थोडं घामातून. आणि पाळी. यातलं पाळीचं सगळ्यात मोठं. मोठा व्यायाम झाला की तीन ते सहा तासांत हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आतड्यात लोहाचं दार लावून घेतं, हा भाग मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. म्हणजे सकाळी सहा ते आठ लाँग रन, आंघोळ, ऑफिस आणि दुपारी एकला लोहाची गोळी, ही वेळ सगळ्यात वाईट. सकाळी पळायच्या आधी नाहीतर पळून आल्या-आल्या घेतलेली बरी.

रोज घेण्यापेक्षा एकाआड एक दिवस घेतलेली गोळी जास्त टक्क्याने शोषली जाते असंही २०१७ च्या एका अभ्यासात दिसलंय, लोह कमी असलेल्या तरुण बायकांवरच केलेला. पोटालाही कमी त्रास. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

आयसीएमआरचा २०२० चा आकडा बायकांना रोज २९ मिग्रॅ, पुरुषांना १९. आणि डब्ल्यूएचओची फेरिटिनची खालची मर्यादा १५ असली तरी खेळाडूंमध्ये ३०-३५ च्या खाली गेलं की बरेच स्पोर्ट्स डॉक्टर लक्ष घालतात.

आता इशारे. (१) नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका, नियमित पळणाऱ्याच्या रक्तातलं पाणी वाढतं त्यामुळे ते जरा कमी दिसू शकतं, फेरिटिन सोबत बघा. (२) फेरिटिन ताप-सर्दीत आणि मोठ्या शर्यतीनंतर खोटं वर जातं, त्यामुळे आठवडाभर शांत असताना करा. (३) आणि स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचंही हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान दिसतात, पण त्यांचं लोह व्यवस्थित असतं. वर्षानुवर्षं उगाच लोह खाणारे असे पेशंट मी बघितलेत. शाकाहारी असाल तर बी-१२ पण करून घ्या, एका सुईत होतं.

मीठभाकरी · १६ जुलै, सकाळी ७:४५

हे सगळं गोळ्यांनी कशाला, अळिवाचे लाडू खा! बाळंतिणीला उगाच नाही देत. १०० ग्रॅम अळिवात १०० मिग्रॅ लोह असतं, चार्ट आहे माझ्याकडे.

घाटवाट · १६ जुलै, सकाळी ८:३०

तो चार्ट मीही फिरवलाय पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर. जुन्या तक्त्यात १०० आहे, पण हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ मध्ये नव्याने अन्नघटकांचे तक्ते काढले त्यात अळीव १७ च्या आसपास आलाय. पोह्यांचंही तेच, जुना आकडा २०, नवा साडेचार. बाजरी साधारण साडेसहा, नाचणी साडेचार. तरी अळीव चांगलाच आहे, पण एका लाडवात अळीव चमचा-दीड चमचा, बाकी गूळ-खोबरं.

खरी मेख शोषणात आहे. वनस्पतीतलं लोह शरीर थोडंच घेतं, त्यात भाकरीतलं फायटेट (धान्यातला लोह धरून ठेवणारा घटक) अडवतं आणि जेवणावरचा चहा तर पारच. एका गोष्टीत बदल करायचा असेल तर चहा जेवणापासून तास-दीड तास लांब ढकला. उलट लिंबू, आवळा, पेरू, कोथिंबीर सोबत असेल तर शोषण वाढतं. पोह्यांवर लिंबू पिळतो ते चवीसाठी असेल, पण कामाचं आहे. मटकीची उसळ मोड आणून, आंबील आंबवून, हे आपल्याकडे आधीपासून आहेच, मोड आणि आंबवण्याने फायटेट कमी होतं.

कोकणी_सुकट · १६ जुलै, सकाळी ११:१०

मटण आणि कलेजी म्हणा की स्पष्ट. त्यातलं लोह भाजीपेक्षा कितीतरी चांगलं लागू होतं. शाकाहारी लोक दुखावतील म्हणून कुणी बोलत नाही. आणि सुकट-जवळ्यात कॅल्शियम पण, काट्यासकट खायचं.

मीठभाकरी · १६ जुलै, सकाळी ११:१८

दुखावलो नाही, पण जवळ्याचा वास ऑफिसच्या डब्यात आला की मात्र दुखावतो.

टिबियाग्रस्त · १७ जुलै, रात्री ९:२५

कॅल्शियमचं निघालंच आहे तर. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन घरी बसलेय. वय २६. व्हिटॅमिन डी बघितलं तर कमी, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. पण स्पोर्ट्स फिजिओने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच, "पाळी नियमित आहे का?" नव्हती, कित्येक महिने. मी खुश होते, त्रास वाचला म्हणून. वजन कमी करायच्या नादात जेवण फार कमी करून पळणं वाढवत होते. त्यांनी सांगितलं की शरीराला पुरेशी ऊर्जाच मिळत नसेल तर ते पाळी आणि हाडं दोन्हीकडे दुर्लक्ष करतं, ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये त्याला रेड-एस असं नाव दिलंय, पुरुषांनाही होतं. मग कितीही कॅल्शियम घ्या.

मुलींनो, पाळी बंद होणं हे फिटनेसचं लक्षण नाही. एवढंच सांगायचं होतं.

सकाळची_पळापळ · १७ जुलै, रात्री ९:५०

@टिबियाग्रस्त लवकर बरी हो गं. हे आमच्या ग्रुपवर नाव न सांगता टाकू का?

टिबियाग्रस्त · १७ जुलै, रात्री ९:५८

टाक ताई.

रक्ततपासनीस · १७ जुलै, रात्री ११:०५

कॅल्शियम दिवसाला १००० मिग्रॅ हवं. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४, एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर १८०. दूध-दही कपभर म्हणजे अडीचशेच्या आसपास, चमचाभर तीळ शंभरेक. वरणभात, ताक, एक नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी असं जेवणारा फार मागे राहत नाही. फक्त कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, एकमेकींच्या आड येतात.

उन्हाळी_ताक · १८ जुलै, सकाळी ८:१५

बरं मग पळताना प्यायला घरी काय करायचं ते कुणीतरी नीट सांगा, ग्रॅममध्ये. केमिस्टकडे ओआरएस मागितलं की तो टेट्रापॅक काढून देतो, सफरचंदाच्या चवीचा.

घाटवाट · १८ जुलै, सकाळी ९:००

टेट्रापॅक ओआरएस नव्हे, साखरपाणी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनेही (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) सांगितलं की डब्ल्यूएचओचं सूत्र नसेल तर पेयाच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही. खरी पुडी मागा, मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. सोडियम लिटरला १७२५ मिग्रॅ होतं, म्हणजे २०० मिलीच्या छोट्या पुडीत साडेतीनशे. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे, साखर कमी आणि मीठ भरपूर. पळताना ऊर्जाही हवी असते म्हणून मी ते पळून *झाल्यावर* ठेवतो, फार घाम गेला असेल त्या दिवशी.

(अवांतर: १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलरात हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून पाजलं आणि हजारो माणसं वाचली. आपण तेच पिऊन मेडल मिळवतो.)

पळताना: लिटरभर पाणी, ५० ग्रॅम साखर (चार सपाट मोठे चमचे), दीड ग्रॅम मीठ (चहाच्या चमच्याचा पाव, सपाट), एक लिंबू. सोडियम ५८०-५९० होतं. घरच्या काट्यावर एकदा मोजून घ्या, कारण प्रत्येकाचा "चिमूटभर" वेगळा असतो. थंड करून बाटलीत. चव साधारण फिक्या लिंबूसरबताची लागली पाहिजे, समुद्राची नाही.

कोकणी_सुकट · १८ जुलै, सकाळी ९:२२

कोकमाचं आगळ घेतलंत तर वेगळं मीठ घालू नका!! आगळात मीठ आधीच ठासून असतं, तसंच टिकतं ते. अमृतकोकम असेल तर साखर असते, मीठ बघून घाला. आमच्याकडे पाहुणा पळणारा आला होता, त्याने आगळात वर चमचाभर मीठ घातलं आणि दोन घोटांत घाटातच ओकला.

खवचट_काका · १८ जुलै, सकाळी १०:०३

बीपीवाल्यांचं काय? मला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि इथे सगळे मीठ खा म्हणतायत.

रक्ततपासनीस · १८ जुलै, दुपारी १:३०

काका, तुम्ही रोजचं मीठ कमीच ठेवा. डब्ल्यूएचओ ५ ग्रॅम म्हणतं आणि आपण सरासरी ८ ग्रॅम खातो, त्यामुळे साध्या दिवसांत कुणालाच जास्तीचं लागत नाही, पळणाऱ्यांनाही नाही. वर जे चाललंय ते फक्त दोन-दोन तास घाम गाळणाऱ्यांचं आणि तेवढ्याच वेळापुरतं. तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर लांब पळण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. आणि गुलाबी मीठ "हेल्दी" म्हणून वापरत असाल तर बंद करा, सोडियम तेवढंच, आयोडीन मात्र बहुधा नाही.

मीठभाकरी · १९ जुलै, सकाळी ६:४०

शेवटचा प्रश्न. श्रावण येतोय, सोमवार धरतो मी, आणि रविवारी लाँग रन असतो. सोमवारी रिकव्हरी कशी करायची? साबुदाण्यात काय मिळतं?

घाटवाट · १९ जुलै, सकाळी ७:०५

साबुदाण्यात पिष्ट सोडून काही नाही, जे काय आहे ते दाण्याच्या कुटात. भगर आणि दाण्याची आमटी करा, राजगिऱ्याचे लाडू, दही, उकडलेलं रताळं. राजगिऱ्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही चांगलं आहे. रविवारी दुपारीच नीट जेवून घ्या, भरपाई सोमवारवर टाकू नका. निर्जळ करत असाल तर रविवारचा रन छोटा ठेवा.

सकाळची_पळापळ · १९ जुलै, सकाळी ७:३०

आमच्या ग्रुपमधल्या सहा जणींनी मिळून फेरिटिन करायचं ठरवलंय, लॅबवाला एकत्र आलात तर कमी करतो म्हणालाय. रिपोर्ट आले की इथे टाकते.

रक्ततपासनीस · १९ जुलै, सकाळी ७:४१

आकडे टाका, नावं नको. आणि या रविवारच्या लाँग रननंतर लगेच जाऊ नका, मधला आठवडा हलका ठेवून शनिवारी जा.